घोट्याखाली संपणारे सांगाडे

गोदावरीच्या खोऱ्यात नेवासे आणि दायमाबाद इथे ताम्रपाषाणयुगीन वस्त्या सापडल्या, पण त्या काळच्या माणसाच्या हाडांविषयी सर्वांत बोलका पुरावा दिला तो घोडनदीकाठच्या इनामगावने. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या प्रौढांच्या सांगाड्यांना बहुधा पावले नव्हती. ती घोट्यापासून तोडली असावीत, असा निष्कर्ष निघाला. यावर रास्त शंका येते: पावलात 26 लहान हाडे, ती मातीत विरून गेली नसतील कशावरून? पण टाचेचे हाड काही नाजूक नव्हे. शिवाय त्याच गावात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष पावलांसकट मिळाला. रांजणाने ती हाडे जपली, असे कोणी म्हणेल. तरीही इतरांची टाचसुद्धा नाहीशी होणे मला केवळ झिजेचे वाटत नाही. घोट्याचा सांधा चिवट अस्थिबंधांनी बांधलेला असतो, तो सोडवायला धारदार हत्यार आणि शरीराची जाण लागते. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून हे करत, हे स्पष्टीकरण मात्र तर्कच आहे. हाडे कृती सांगतात, हेतू नाही.