चुलवाणाचा धूर

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी बाजारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची पेठ मिळाली. गुऱ्हाळात ऊस पिळणारा चरक आधी बैल ओढायचे, पुढे ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर. रस आटवायची भट्टी, म्हणजे चुलवाण, मात्र बहुतेक ठिकाणी जुनंच राहिलं. आमच्या गुऱ्हाळावर वडील पिळलेल्या उसाचं मूठभर चिपाड हातात मोडून बघत. कडकन तुटलं तरच जाळाला. ओलं गेलं की धुराड्यातून काळा लोट निघायचा, रसाच्या काहिलीला आच पुरायची नाही आणि गुळव्या ताटकळायचा. तो धूर म्हणजे वाया गेलेलं जळणच!

सुधारित भट्टीत हवा नीट खेळते, बाहेर जाणाऱ्या उष्णतेवर पुढच्या काहिलीतला रस तापतो, चिपाड वाचतं. २०२० साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. पण ते कर्जाला जोडलेलं. आधीच थकबाकीत असलेल्या गुऱ्हाळमालकाला कर्ज कोण देणार? गुऱ्हाळं जगवायची असतील, तर सरकारने पॅकिंगच्या यंत्राआधी चुलवाणाला पैसा द्यावा.