काय वर्ज्य, कोणासाठी वर्ज्य?



इतिहास म्हटला की तह, लढाया आणि राजांच्या वंशावळी ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज आम्ही ज्याचा इतिहास सांगणार आहोत तो पदार्थ वाटीत मावतो. त्याला इंग्रजीत मफिन म्हणतात. इंग्लंडातले जुने मफिन म्हणजे आंबवलेल्या कणकेची तव्यावर भाजलेली चपटी पोळी. आज आपण दुकानात पाहतो तो वाटीसारख्या साच्यात फुगलेला गोड पाव अमेरिकेतल्या घराघरांतून जगभर गेला. त्याचाच एक नवा प्रकार आता आपल्याकडील मुली घरी करू लागल्या आहेत. त्यात संत्र्याचा रस आहे, साल आहे, दालचिनी, सुंठ आणि जायफळ आहे. पण अंडे नाही, दूध नाही, लोणी नाही आणि गहूही नाही. दूध, तूप, मध असे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणाऱ्यास ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात घडवला गेला. आणि गव्हात जो चिवट, ताणला जाणारा अंश असतो, ज्यामुळे कणीक लांबते आणि पाव जाळीदार होतो, त्याला ‘ग्लूटेन’ म्हणतात.

एवढे सगळे वगळल्यावर उरले काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने दुसराही एक प्रश्न विचारावयास हवा. हे वगळले ते कोणासाठी? आमच्या आजच्या विवेचनाचा सारा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. कारण ‘हे नको, ते नको’ ही यादी आपल्या समाजाला मुळीच नवी नाही. फक्त तिचे प्रयोजन पूर्वी वेगळे होते.

पावापासूनच आरंभ करू. भट्टीतला फुगलेला पाव पश्चिम किनाऱ्यावर रुजला तो पोर्तुगिजांमुळे. १५१० साली त्यांनी गोवे घेतले. तेथे यीस्ट मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीने पीठ आंबवण्यात येऊ लागले. पुढे गोव्याच्याच पावकऱ्यांनी हा उद्योग मुंबईस नेला. परंतु ज्या पिठात ताडी आहे आणि जे परधर्मीयाच्या हाताने मळले आहे ते सोवळ्यातल्या माणसाने खायचे कसे? पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा आपण आजीकडून ऐकल्या आहेत. त्या कथा खऱ्या किती आणि कल्पित किती, हा वाद बाजूस ठेवला तरी त्या सांगितल्या गेल्या यातच भीतीचे माप आहे.

या भीतीचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढे ठेवू दिली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली, त्यांच्यावर एका पेल्यासाठी ही वेळ यावी, हे आपण ज्या व्यासपीठाच्या परंपरेत बसलो आहोत तिथे विसरता येत नाही. तेव्हा वर्ज्य पदार्थांच्या यादीचे काम एवढेच होते की, पंक्तीत कोणी बसावे आणि कोणी उठावे हे ठरवावे.

आता जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ. इंग्लंडातील बर्मिंगहॅम गावी आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. आपल्याकडे असता तर कोणी म्हटले असते, तिने खाऊ नये, झाले. बर्डने तसे म्हटले नाही. १८३७ च्या सुमारास त्याने अंड्यावाचून होणारी कस्टर्डची पूड बनवली आणि १८४३ साली यीस्टवाचून पाव फुगवणारी पूड बनवली. तीच आजची बेकिंग पावडर. तिचे तत्त्व सोपे आहे. सोडा आणि आम्ल ओलाव्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, आणि उष्णतेने पीठ घट्ट होईतो ते तसेच राहिले की पदार्थ हलका होतो. एका घरातली एक बाई ताटावरून उपाशी उठू नये, म्हणून लागलेला हा शोध आहे. येथे वगळण्याचा अर्थ पालटला. वस्तू वगळली, ती माणूस वगळला जाऊ नये म्हणून.

गव्हाची कथा अधिक करुण आहे. काही मुलांना गव्हाने पोटाचा असा विकार जडतो की, खाल्लेले अंगी लागत नाही, पोट फुगते, हातपाय काड्यांसारखे होतात. यास सीलिअ‍ॅक रोग म्हणतात. त्याचे कारण कित्येक वर्षे कळत नव्हते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या वेढ्यामुळे त्या देशात दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला, आणि साऱ्या देशाचे हाल होत असता ही आजारी मुले मात्र सुधारू लागली! पुढे मदतीचा पाव आला तशी ती पुन्हा खंगली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि दोष गव्हाचा आहे हे सिद्ध झाले. या रोगावर आजही पथ्य हाच उपाय आहे, आणि ते जन्मभराचे आहे. गव्हाच्या पोळीवर वाढणाऱ्या उत्तर हिंदुस्थानात हा रोग अधिक आढळतो. पण आपल्याकडे तो नाहीच, असे समजणे चुकीचे ठरेल.

येथवर परदेशाची उदाहरणे झाली. आता आपल्या वरोऱ्याच्या स्वयंपाकघरात येऊ.

आज आपण गव्हाच्या पोळीला रोजचे जेवण समजतो. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी पोळी सणाला होई. वरोऱ्याच्या काळ्या मातीत ज्वारी आणि कापूस. पूर्वेला ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे आणि पुढे गडचिरोलीच्या अंगाला धान. पश्चिमेचा माणूस भाकरीवर, पूर्वेचा भातावर. १९५६ साली अमेरिकेशी धान्याचा करार झाला, परदेशी गहू रेशनच्या दुकानात आला, पुढे हरितक्रांतीचा गहू आला, आणि भाकरी हळूहळू गरिबीची खूण ठरली. ज्वारीत ग्लूटेन नाही, तांदळात नाही, नाचणीत नाही. म्हणजे ‘ग्लूटेन-फ्री’ अशी सोनेरी चिठ्ठी लावून आज जे महाग विकले जाते, ते या जिल्ह्यातील कष्टकऱ्याच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या होते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. आमच्या मोटकऱ्याला ते कोणी सांगावयास हवे होते असे नाही.

‘पण आपल्याकडे भट्टी कुठे होती?’ असा आक्षेप येईल. भट्टी नव्हती, भाजणे होते. गोवऱ्यांच्या आहारात भाजलेले रोडगे आणि पळसाच्या पानात भाजलेले पानगे वऱ्हाड-नागपूरकडे कोणाला ठाऊक नाहीत? ते गव्हाचे, हे खरे. पण कोकणात तांदळाच्या रव्याचे, गूळ, नारळ आणि मोठ्या जून काकडीचे धोंडस करतात. पातेल्याखाली निस्तव, झाकणावरही निस्तव, आणि मध्ये पदार्थ सावकाश भाजत राहतो. अंडे नाही, गहू नाही, दुधाऐवजी नारळ. आज जिला व्हीगन, ग्लूटेन-फ्री केक म्हणतील ती वस्तू कोकणातली आजी चुलीवर करीत होती. तिच्याजवळ नाव नव्हते, एवढेच.

आता अंड्याची जागा कोणी घ्यावी? त्याचेही उत्तर आपल्याच कोठारात आहे. आपण ज्याची चटणी करतो ते जवस. जवस भाजून नव्हे, कच्चेच दळून पाण्यात भिजवले की दहा मिनिटांत बुळबुळीत लगदा होतो. तो बुळबुळीतपणा दाण्याच्या टरफलात असतो आणि पीठ बांधून धरण्याचे अंड्याचे काम तो बऱ्याच अंशी करतो. आंबटपणासाठी संत्रे. रघूजी भोसल्यांच्या काळी नागपूरच्या बागेत ते आले असे सांगतात. आज वर्षातून दोन बहर, मृग आणि आंबिया, आपल्या बाजारात उतरतात. ते न मिळाल्यास मोसंबी घ्यावी. तिचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आले असे मानतात. म्हणजे परदेशी पाहुणी आपण केव्हाच घरची करून टाकली आहे.

कृती थोडक्यात सांगतो, कारण नुसता इतिहास ऐकून पोट भरत नाही. दोन वाट्या ज्वारीचे आणि एक वाटी तांदळाचे बारीक पीठ चाळून घ्यावे. त्यात चहाचे दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, एक चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा सुंठ आणि थोडे जायफळ मिसळावे. तीन मोठे चमचे जवसाची पूड नऊ चमचे पाण्यात भिजवावी. सव्वा वाटी किसलेला गूळ दीड वाटी संत्र्याच्या रसात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात अर्धी-पाऊण वाटी शेंगदाण्याचे तेल, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस आणि जवसाचा लगदा घालावा. साल किसताना पांढरा भाग येऊ देऊ नये. तो कडू असतो, सुगंधी तेल वरच्या केशरी भागात असते. हे सर्व पिठात ओतून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, म्हणजे ज्वारीचा रवाळपणा जातो. पण त्याहून अधिक ठेवू नये, कारण सोड्याचा वायू निघून जातो. मग तेल लावलेल्या वाट्या पाऊणभर भराव्या. ओव्हन असेल तर १८० अंशांवर सुमारे २५ मिनिटे. नसेल तर जाड पातेल्यात मिठाचा थर देऊन, ते झाकून दहा मिनिटे तापवावे, वर तिवई ठेवून त्यावर वाट्या ठेवाव्या आणि मंद आचेवर अर्ध्या-पाऊण तासाने सळई टोचून पाहावी. आमचा पहिला घाणा दगड झाला होता. आम्ही पीठ तासभर मुरवले, त्याचे ते फळ. वाट्यांतून काढण्याची घाई करू नये. गव्हाचा चिवटपणा नसल्याने गरम असता ते मोडतात, निवले की सावरतात.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगावयाची आहे. घरात सीलिअ‍ॅकचे मूल असेल तर ज्वारी गिरणीवर नेऊन चालणार नाही. ज्या जात्यावर आधी गहू दळला त्यातील पीठ ज्वारीत उतरते, आणि त्या मुलाला तेवढेही बाधते. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावे. बाजारी हिंगात गव्हाचे पीठ असते, बेकिंग पावडरीतही क्वचित असते; डब्यावरील अक्षरे वाचावी. चाळणी आणि परात वेगळी ठेवावी. पाहा, येथे पुन्हा ‘वेगळी भांडी’ आली! शब्द तेच, सोवळ्यातले. पण ही भांडी कोणाचा विटाळ होऊ नये म्हणून वेगळी नाहीत. एका लेकराच्या आतड्यांसाठी ती वेगळी आहेत.

आणि येथे वरोऱ्याच्या माणसाला आपल्या गावाची एक आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापली आणि आपल्या गावाशेजारच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. तेथील रोगमुक्त हातांनी भाजी पिकवली. पण आरंभी ती भाजी घ्यायला गाव धजत नव्हते. पुढे परदेशांतून तरुण स्वयंसेवक आले, त्यांच्यात राहिले, त्यांच्या हातचे जेवले, आणि गावाची भीती हळूहळू ओसरली, असे सांगितले जाते. पुण्याच्या चहाच्या पेल्यातले वादळ आणि वरोऱ्याच्या बाजारातली न विकली गेलेली भाजी ही एकाच इतिहासाची दोन पाने आहेत. अन्न तेच असते. कोणाच्या हातचे, हा प्रश्न त्याला विष करतो.

म्हणून नव्या पदार्थाची थोरवी सांगताना एक इशाराही द्यावासा वाटतो. अंडे न खाणारा अंडे खाणाऱ्याला हलका लेखू लागला, ग्लूटेन सोडणारा भाकरी खाणाऱ्या शेजाऱ्याकडून भाकरी न घेता महाग पुडकी मिरवू लागला, तर जुनेच सोवळे नव्या नावाने घरात शिरले असे समजावे. दयेपोटी दूध सोडणाऱ्याचा आम्ही आदर करतो. ज्या गरीब घरात अंडे हाच मुलाचा पौष्टिक घास आहे, त्या घराचाही करतो. दोघांनाही एका चटईवर बसून खाता येईल असे काही रांधता आले, तर ते रांधणाऱ्याचे कौशल्य.

या उन्हाळ्यात संत्री बाजारात असतील तोवर आपण एकदा हा घाणा करून पाहावा. केल्यावर, ज्याला आजवर ‘तुझ्यासाठी यात काही नाही’ असे म्हणावे लागले, त्या घरातल्या किंवा शेजारच्या माणसाच्या हातात पहिली वाटी द्यावी.