चुनखडीयुक्त जमिनीतील स्फुरद स्थिरीकरण

चुनखडीयुक्त जमिनीतील स्फुरद स्थिरीकरण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण अधिक असलेली जमीन किंवा चुनखडक पाण्यातील विद्राव्य स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवण्याची प्रक्रिया होय. शेतीत ती पिकाची उपासमार करणारी ठरते, तर पाणथळ प्रदेशात तीच पाणी स्वच्छ राखते.

प्रक्रिया

फॉस्फेट प्रथम कॅल्साइटच्या कणांच्या पृष्ठभागाला चिकटते. त्यानंतर डायकॅल्शियम फॉस्फेट, ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेट आणि दीर्घकाळाने हायड्रॉक्सीॲपेटाइट अशी उत्तरोत्तर कमी विद्राव्य संयुगे बनतात. मात्र सर्वच स्फुरद चुन्याने धरलेला नसतो. अशा जमिनींतील चिकणमाती व लोहाच्या ऑक्साइडांचा वाटाही मोठा असतो.

शेतजमीन

महाराष्ट्राच्या पठारावरील काळ्या जमिनींतील चुनखडी बहुतांशी बेसॉल्टच्या झिजेतून सुटलेल्या कॅल्शियमपासून जमिनीतच तयार झालेली आहे. त्यांचा सामू सहसा ७.५ ते ८.५ असतो. दिलेल्या खतातील स्फुरदाचा थोडाच भाग पहिल्या पिकास मिळतो. उरलेला वाया जात नाही. त्यातील काही अंश पुढील पिकांना सावकाश उपलब्ध होतो. म्हणूनच माती परीक्षण न करता दरवर्षी मात्रा वाढवत नेणे खर्चिक ठरते, शिवाय स्फुरदाच्या अतिरेकाने पिकात जस्ताची कमतरता उद्भवू शकते. सुपर फॉस्फेट जमिनीवर फेकण्याऐवजी बियाण्यालगत पेरून देणे, शेणखतात मिसळणे आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू वापरणे हे प्रचलित उपाय आहेत. रॉक फॉस्फेट येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण ते विरघळण्यास आम्लता लागते; कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ते अधिक लागू पडते.

उपलब्ध स्फुरद मोजण्यासाठी या जमिनींत १९५४ साली प्रसिद्ध झालेली ओल्सेन पद्धत वापरतात. तिच्यात ८.५ सामूचे सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण असते. आम्लावर आधारित ब्रे पद्धतीतील आम्ल चुन्यामुळे निष्प्रभ होऊन आकडा फसवा येतो.

पाणथळ प्रदेश

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा एव्हरग्लेड्स हा प्रदेश चुनखडकावर वसलेला आहे. तेथील शैवालयुक्त थर दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड शोषतात. पाण्याचा सामू वाढून कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि त्यासोबत स्फुरदही खाली जातो. परिणामी मूळ पाण्यात स्फुरद अत्यल्प असतो. उसाच्या शेतांतून खतयुक्त पाणी येऊ लागल्यावर हे थर नाहीसे झाले आणि सॉग्रास गवताच्या जागी पाणकणीस माजले. तेथे स्फुरदाची मर्यादा प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली असून, शेतीचे पाणी गाळण्यासाठी कृत्रिम पाणथळी उभारल्या आहेत.

ही साठवण कायमची नसते. सेंद्रिय पदार्थ कुजून पाणी आम्लधर्मी झाल्यास कॅल्साइट विरघळते. किनारी भागात समुद्राचे पाणी शिरल्यासही चुनखडकाला चिकटलेला स्फुरद सुटतो.