पोस्टातला नवरा, फिलाडेल्फियातली बायको आणि मधला समुद्र

आनंदीबाई जोशी पहिल्या महिला डॉक्टर, हे आपल्या कल्याणात शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यांच्या पत्रांबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही, म्हणून ही पोस्ट.

माहेर कल्याणचं. 1874 मध्ये, नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठे, बिजवर आणि नोकरीला कुठे, तर पोस्टात! त्यांनीच बायकोला हट्टाने, प्रसंगी मारूनमुटकून शिकवलं. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी पत्रांतूनच ओळख झाली आणि एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या. पुढची दोन वर्षं नवराबायकोचा संसार टपालावरच चालला.

तेव्हा पत्र आगबोटीने जायचं. पोचायला महिना-दीड महिना, उत्तर हातात पडेपर्यंत अडीच-तीन महिने. इथून रागाचं पत्र निघायचं, तिथून प्रेमाचं निघालेलं असायचं, दोन्ही समुद्रातच एकमेकांना ओलांडून जायची. गोपाळरावांची पत्रं बरेचदा बोचरी. बायको तिकडे बदलेल हा संशय. ती शांतपणे, पण ठामपणे उत्तर द्यायची.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. थंडीत कसं राहायचं, काय नेसायचं, काय खायचं, हे विचारून तीन महिने थांबणं शक्यच नव्हतं. नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी नेसायचं त्यांनी तिथेच ठरवलं. जी मुलगी नवऱ्याच्या शब्दावर वाढली, ती टपालाच्या त्या उशिरात स्वतःचं स्वतः ठरवायला शिकली.

11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कॅरोलिन डॉल आणि काशीबाई कानिटकर यांना त्यांची चरित्रं लिहिता आली, कारण कोणीतरी ती पत्रं जपून ठेवली होती. नाहीतर आपल्या हातात नुसता एक फोटो उरला असता.

म्हणून एक विनंती. ठाणे, डोंबिवली, कल्याणात जुन्या इमारती धडाधड रिडेव्हलपमेंटला जातायत. घर रिकामं करताना आजीची ट्रंक थेट भंगारवाल्याला देऊ नका. आखातातून आलेली, गावाहून आलेली, सीमेवरून आलेली पत्रं आधी वाचा. निदान मोबाईलवर फोटो तरी काढा.

तुमच्या घरात सर्वांत जुनं पत्र कोणत्या सालचं आहे? कमेंटमध्ये नक्की सांगा.