लदीन आणि तांबेरा

गव्हावर पडणारा तांबेरा आणि मुंबईच्या गावठाणातला दगडी क्रूस यांची सोयरीक आहे, असं म्हटलं तर ऐकणारा हसतो. हसू द्या. ही सोयरीक जुळवणारा मध्यस्थ माझ्याकडे आहे, त्याचं नाव लदीन.

ज्यांनी लदीन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संध्याकाळी वाड्यातल्या क्रूसाला झेंडूच्या माळा चढतात, मेणबत्त्या लागतात, शेजारीपाजारी जमतात. एकजण मरियेचं एकेक बिरुद लॅटिनमध्ये म्हणतो आणि बाकीचे दर वेळी ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, असा प्रतिसाद देतात. गोव्यात साथीला व्हायोलिन असतं आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात, मोठ्यांना फेणीचा घोट. याला पाद्री लागतोच असं नाही. चर्चही लागत नाही, रस्त्याची कड पुरते. माझी सगळी भिस्त या रस्त्याच्या कडेवर आहे.

शब्द आला पोर्तुगीज ‘लदाइन्य’वरून. लॅटिन मंत्रांमुळे ‘लॅटिन’चंच लदीन झालं असेल, हा तर्क कुणालाही सुचेल, आणि तो अगदीच पोरकट नाही; पोर्तुगीजमध्ये ‘लॅटिनुस’पासून ‘लदिनो’ शब्द खरोखर झालेला आहे. पण लदिनो म्हणजे चलाख, धूर्त माणूस. प्रार्थनेचा शब्द वेगळ्या घरचा, ग्रीक ‘लितानेइया’चा. लॅटिनमध्ये तो लितानिया किंवा लेतानिया झाला, आणि पोर्तुगालला पोचेस्तोवर ‘त’चा ‘द’ झाला, ‘न’चा ‘न्य’. कोकणी जिभेनं शेवटचं अक्षर टाकून दिलं. हीच लदाइन्य ब्राझीलला गेली आणि तिथे कापोएराच्या रिंगणात झुंजीआधी म्हणायच्या एकट्याच्या गाण्याचं नाव झाली. तिथे ना मरिया, ना चणे.

ग्रीक मूळ ‘लिते’, विनवणी. होमरच्या इलियडमध्ये या विनवण्या झ्यूसच्या मुली आहेत. लंगड्या, सुरकुतलेल्या, तिरप्या नजरेच्या. त्या चालतात, हे महत्त्वाचं. कारण ख्रिस्ती जगात पहिली काही शतकं लितानिया म्हणजे बसून म्हणायची नामावली नव्हतीच. शहरातून विनवत जाणारी मिरवणूक म्हणजे लितानिया.

आता तांबेरा. प्राचीन रोमी लोक 25 एप्रिलला रोबिगालिया करत. रोबिगो ही तांबेऱ्याची देवता. तिनं पिकावर हात टाकू नये म्हणून शहराबाहेर जाऊन कुत्रं बळी देत. रोमी कवी ओव्हिडनं याचं वर्णन केलं आहे. पुढे रोमच्या चर्चनं ‘मोठी लितानिया’ ठेवली तीही 25 एप्रिललाच, आणि तिची वाटही जुन्या मिरवणुकीसारखीच फ्लामिनिया रस्त्यानं मिल्वियन पुलाकडे जाणारी. याला योगायोग म्हणणारे अभ्यासक आहेत. तारीखही तीच आणि वाटही तीच असताना योगायोग म्हणायला मोठी श्रद्धा लागते. माझी तेवढी नाही.

पिकाच्या रोगावरून माणसाच्या रोगावर यायला वेळ लागला नाही. 590 साली रोममध्ये प्लेगनं पोप दुसरे पेलागियुस गेले. त्यांच्या जागी आलेल्या ग्रेगरीनं शहराचे सात गट करून सात दिशांनी लितानिया काढली. दुसऱ्या एका ग्रेगरीनं, तूरच्या इतिहासकारानं, लिहून ठेवलंय की त्या चालत्या गर्दीत तासाभरात 80 माणसं कोसळून मेली. साथीत गर्दी जमवण्याचा हा परिणाम आज आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. सम्राट हेड्रियनच्या समाधीवर देवदूत तलवार म्यान करताना दिसला, ही गोष्ट बरीच नंतरची. पण तिनं त्या इमारतीचं नाव कायमचं बदललं, ती सांत-आंजेलो झाली.

मरियेची नामावली या मिरवणुकीत उशिरा शिरली. तिला ‘लोरेतोची’ म्हणतात, कारण इटलीतल्या लोरेतोच्या तीर्थात ती गायली जाई. 1558 साली जेझुइट कानिसियुसनं ती जर्मनीतल्या डिलिंगेनला छापली, 1587 साली पोप पाचव्या सिक्स्तुसनं मान्यता दिली. पण तिचा खर्डा पॅरिसमधल्या बाराव्या शतकाच्या हस्तलिखितात सापडला आहे, म्हणजे लोरेतो हे माहेर नव्हे, फार तर सासर.

त्यातली बिरुदं पाहा: गूढ गुलाब, सोन्याचं घर, कराराचा कोश, पहाटेचा तारा, दावीदाचा बुरूज, हस्तिदंती बुरूज. हा शेवटचा मूळचा बायबलमधल्या ‘गीतरत्न’ ग्रंथातल्या प्रेयसीच्या मानेला दिलेला. चर्चनं तो मरियेला दिला. 1837 साली फ्रेंच समीक्षक सेंत-बव्हनं कवी विन्यीला हस्तिदंती बुरुजात बसवलं, आणि तिथून आपल्याकडचे लेखक ‘हस्तिदंती मनोऱ्यात’ राहायला गेले. सेंत-बव्हला शब्द ‘गीतरत्ना’तून मिळाले असं पुस्तकं म्हणतात. मला पटत नाही. फ्रान्सच्या कॅथलिक घरात वाढलेल्या पोरानं ‘गीतरत्न’ कितीदा वाचलं असेल, आणि ही नामावली कितीदा ऐकली असेल? म्हणजे मराठी साहित्यिकांना जिच्यावरून टोमणे बसले ती उपमा लदिनीतून आली, असं मी बिनदिक्कत म्हणतो.

आता पुन्हा साथीकडे. मुंबईत सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, हडफडे गावचे गोंयकार. नंतरच्या वर्षांत गिरगाव, माझगाव, वांद्र्यापर्यंतच्या वाड्यांत आणि गावठाणांत क्रूस उभे राहिले, आणि त्यांच्यापुढे मराठी बोलणारे ईस्ट इंडियन कॅथलिक आणि गोंयकार संध्याकाळी जमून विनवू लागले. चर्चच्या आतली नामावली साथ येताच पुन्हा रस्त्यावर आली, जिथून ती निघाली होती.

इथे माझ्या मांडणीला एक भगदाड आहे. गोव्याच्या क्रूसांपुढच्या लदिनी प्लेगआधीच्या, आणि त्यांचा हंगाम एप्रिल-मे. हा हंगाम पिकाच्या लितानियेचाच, असं मी म्हटलं तर विरोधक म्हणतील, 3 मेचा क्रूसाचा सण, मे हा मरियेचा महिना, शिवाय पावसाआधीची सवड. मरियेचा महिना सोडून द्या, ती प्रथा अठराव्या शतकातल्या इटलीची. 3 मेचं उत्तर मात्र माझ्याकडे पुरतं नाही. एवढंच म्हणेन की येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवाराआधीच्या तीन दिवसांच्या लितानिया, ज्या सुमारे 470 साली व्हिएन गावच्या मामेर्तुस बिशपनं भूकंप आणि आगींच्या धास्तीनं सुरू केल्या, त्याही बहुतेक मेमध्येच येतात. उभं पीक, पुढचा पाऊस आणि माणसाची भीती यांचं वेळापत्रक कुठल्याही सणाहून जुनं असणार.

नामावली अजून वाढते आहे. 1917 साली युद्ध चालू असताना ‘शांतीची राणी’ आली. 20 जून 2020 रोजी, कोरोना ऐन भरात असताना, पोप फ्रान्सिस यांनी तीन बिरुदं घातली. त्यातलं एक ‘स्थलांतरितांचा दिलासा’. टाळेबंदीत पायी घरी निघालेले लोक तेव्हा आपण सगळ्यांनीच पाहिले होते.

मुंबईच्या एखाद्या गावठाणात गेलात तर क्रूसाच्या चौथऱ्यावर कोरलेलं साल वाचा. 1896च्या पुढची दहाएक वर्षं असतील, तर माझ्या बाजूनं एक मत मोजा.