पाळी जाण्याचे वय
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाई पन्नाशीकडे झुकली, की एकाएकी अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते. घरातली म्हातारी म्हणते, ''पाळी जायची वेळ झाली.'' या बोलण्यात शहाणपण आहे. ही वेळ आहे, रोग नव्हे.

सुश्रुतसंहितेनेही तेच सांगितले. पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते, पन्नाशीला थांबते; शरीर पिकले म्हणून थांबते. आज भारतात हे वय सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस आहे.

या वेळेला आजार ठरवले ते विसाव्या शतकाने. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या संप्रेरकांची गोळी विक्रीस आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी पुस्तक लिहून ती घेणारी स्त्री कायम तरुण राहील, असा डंका पिटला. २००२ मध्ये मात्र सोळा हजारांवर स्त्रियांची एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेला दिसला. साठीच्या आतील अनेकींना, नीट तपासणी करून दिल्यास, हे औषध लाभते, हे पुढे उमगले. तोवर लोक 'नैसर्गिक' उपायांकडे वळले होते.

त्यात आपले जवसही आले. जालन्याकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी नवी नाही. अमेरिकेत १८८ स्त्रियांवर जवसाची परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. जवस खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या, दोघींच्याही वाफा सारख्याच कमी झाल्या! तेव्हा चटणी जरूर खा. पण ती आहार म्हणून, औषध म्हणून नव्हे. रोजचे चालणे, ऊन, दूध-तीळ यांनी हाडे सांभाळली जातात. मनाला वळण लावणाऱ्या समुपदेशनाने वाफांचा त्रास कमी होतो, हेही सिद्ध झाले आहे.

पण ज्यांची पाळी वेळेआधीच घालवली गेली, त्यांचे काय? गोदावरीपलीकडे बीड जिल्हा. तेथील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये सरकारी आकड्यांतून उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली; त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. मुकादमाची उचल फिटायची असते, खाडा झाला की दंड बसतो, फडावर आडोसा नसतो. मग अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे यांवर ''पिशवीच काढून टाका'' हा सल्ला पटतो. आपल्या मंठा, घनसावंगीकडूनही कोयते दरसाल बाहेर पडतात.

गर्भाशयासोबत बीजकोशही काढले, की तिशीतच पाळीनंतरचे आयुष्य सुरू होते. हाडे लवकर झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. अशा बाईला जवसावर भागवायला सांगणे हा अन्याय आहे. तिला तज्ज्ञ डॉक्टर हवा, आणि बहुधा तीच संप्रेरके, नैसर्गिक वयापर्यंत.

तेव्हा भगिनींनो, पिशवी काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर घरी बसू नका. बाकी, पाळी आपल्या वेळेला जाऊ द्यावी, यासारखा नैसर्गिक उपाय नाही.