खारे पाणी आणि धातूंचे सांधे

लोखंड गंजते हे सांगावयास व्याख्याता कशाला हवा, असे आपणांपैकी कोणी विचारील. पण शेतकऱ्याचा नांगर आणि खलाशाचा नांगर पाहा. शब्द एक, लोखंडही एक. तरी पंचगंगेच्या काठचा फाळ जितका टिकतो तितका मालवणच्या बंदरातील नांगर टिकत नाही. असे का व्हावे?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांच्यामुळे पाण्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. शिवाय मिठातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा भेदते.

आपल्या पूर्वजांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. अनुभव मात्र होता. 1664 साली शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. तटाच्या पायात शिसे ओतून चिरे बसविले, अशी परंपरा आहे. ही निवड मार्मिक होय. शिशावर खाऱ्या पाण्यात सहज न विरघळणाऱ्या क्षारांचा थर बसतो व तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. पुढे हा किल्ला आपल्या करवीर गादीकडे आला. 1765 साली इंग्रजांनी तो घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पण तो लवकरच करवीरकरांना परत मिळाला. 1812 च्या तहाने मात्र तो कायमचा गेला.

ज्या इंग्रज आरमाराचा तेव्हा दरारा होता, तेही याच सुमारास खाऱ्या पाण्यापुढे हतबल झाले होते. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून 1761 साली ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. 1763 साली तपासणी झाली तेव्हा पत्रे अनेक ठिकाणी सुटले होते, कारण लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. जेथे पत्र्याचा वेष्टणाचा कागद खिळ्याच्या आड राहिला होता, तेथील लोखंड मात्र चांगले निघाले! दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस भिडले की त्यांची विद्युत्घटमाला बनते. तीत तांबे तरते आणि लोखंड झिजते. म्हणून पुढे तांबेमिश्रित धातूचे बोल्ट आले. 1824 च्या सुमारास हम्फ्री डेव्ही याने हेच तत्त्व उलटे वापरले. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडावा, म्हणजे तो झिजेल आणि तांबे वाचेल. आजही जहाजांच्या पोलादी तळाला जस्ताचे असे ‘बळी’ लावतात.

मालवणलाच 2023 च्या 4 डिसेंबर रोजी राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले आणि 2024 च्या 26 ऑगस्टला तो कोसळला. त्याआधी काही दिवस, वारा-पावसाने नटबोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने लिहिले होते. चौकशीअंती गंजाबरोबरच कमकुवत सांगाडा व सदोष वेल्डिंग हीही कारणे पुढे आली. दोष एकट्या समुद्राचा नव्हे.

समुद्र आपला स्वभाव सोडणार नाही. त्याच्या काठी काही उभारताना दर्शनी पत्र्यापेक्षा आतल्या बोल्टाची चौकशी आधी केली पाहिजे. बोल्ट डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच त्याच्यासाठी नियमित तपासणी हवी आणि तिच्यासाठी पैसा हवा. अनावरणाच्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्या आपण नागरिकांनी तेव्हाच विचारावे: या सांध्यांकडे दरवर्षी कोण पाहणार?